रिकाम्या घराचा अर्ज

भाड्याचे घर घेण्यापूर्वी काय पाहावे, हे सांगणाऱ्या याद्या आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि इंटरनेटवर विपुल आढळतात. पाणी किती वाजता येते व कोणत्या मजल्यापर्यंत चढते, भिंतींना ओल आहे काय, विजेचे मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून जोडणी दिली आहे, स्वयंपाकघरात उजेड किती येतो, अनामत रक्कम किती व ती परत कधी मिळणार. या याद्या उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत क्रम आहे. आधी घर पाहायचे, ते पसंत पडले तर मालकाशी बोलायचे, आणि त्यानंतर करार करायचा. हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की तो कधीकाळी वेगळा होता, अशी शंकाही आपल्याला येत नाही.

वस्तुतः उत्तर प्रदेशात जवळजवळ पंचाहत्तर वर्षे, म्हणजे १९४६ पासून २०२१ पर्यंत, कायद्याच्या पुस्तकातील क्रम निराळा होता. भाड्याच्या घरासाठी तेथे घरमालकाकडे नव्हे, तर जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे. आणि अर्जदाराला सर्वांत आधी जे तपासावे लागे ते घर नसून त्या घराचे कायदेशीर 'रिकामेपण' असे. भाडे नियंत्रण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची पागडी आणि गोठलेले भाडे येते. वाटपाची ही दुसरी शाखा मराठी वाचकाला फारशी परिचित नाही. म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

या व्यवस्थेचा जन्म युद्धात झाला. भारतात भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा मुंबईत १९१८ मध्ये आला, तोही पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने. त्यात भर भाडेवाढ रोखण्यावर होता, घर कोणाला द्यावे यात सरकार पडले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती पालटली. सैन्य, पुरवठा खाती, रेशनिंगची कार्यालये, नव्याने भरती झालेले कर्मचारी या सर्वांना शहरांत जागा हव्या होत्या. सिमेंट व पोलाद युद्धाकडे वळल्यामुळे नवे बांधकाम जवळपास थांबले होते. तेव्हा जी घरे होती त्यांचीच वाटणी करावयाची, हे ओघानेच आले. मद्रास इलाख्यात १९४१ मध्ये घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. पुढे १९६० च्या मद्रास कायद्यातही ही तरतूद टिकून राहिली, की घर रिकामे झाले तर मालकाने ते सरकारला लेखी कळवावे, आणि सरकारला आपल्या अधिकाऱ्यासाठी ते हवे असल्यास आधी सरकारला द्यावे. मुंबईत १९४८ च्या भूमी अधिग्रहण कायद्याने रिकाम्या जागेची सूचना देणे बंधनकारक केले व सरकारला ती ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. मद्रास आणि मुंबई येथे मात्र सरकारने मागणी केली नाही, तर मालक आपल्या पसंतीचा भाडेकरू शोधण्यास मोकळा असे. उत्तर प्रदेशाने या तत्त्वाचा विस्तार सर्वसामान्य नागरिकापर्यंत केला.

संयुक्त प्रांताचा १९४७ चा कायदा १ ऑक्टोबर १९४६ पासून अमलात आला असे मानण्यात आले. त्याच्या नावातच 'टेम्पररी' हा शब्द होता. हा तात्पुरता कायदा पंचवीस वर्षे चालला, आणि त्याची जागा घेणारा १९७२ चा १३ वा अधिनियम आणखी एकोणपन्नास वर्षे. प्रशासनात तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती असते, याचा हा एक नमुनाच म्हणावा लागेल. मात्र आरंभीच्या काळाविषयी उपहासाने बोलणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या उन्हाळ्यानंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून निर्वासितांचे लोंढे लखनौ, कानपूर, मेरठ, डेहराडून येथे येऊन थडकत होते. खिशात पैसे नसलेल्या आणि शहरात ओळख नसलेल्या माणसाला बाजार घर देत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतील अर्ज हा त्याच्यासाठी एकमेव दरवाजा होता.

आता १९७२ च्या कायद्याची रचना पाहू. कलम ११ प्रमाणे वाटप आदेशाशिवाय कोणतीही इमारत भाड्याने देण्यास मनाई होती. कलम १३ प्रमाणे अशा आदेशाशिवाय राहावयास आलेला माणूस अनधिकृत ठरे. घर रिकामे होताच मालकाने सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे. प्रत्यक्षात हे काम भाडे नियंत्रण व निष्कासन अधिकारी पाहत असे. त्याच्यापुढे दोन मार्ग असत. एक, अर्जदारांपैकी कोणाला तरी घराचे वाटप करणे. दोन, मालकाला स्वतःच्या वापरासाठी अथवा पाडून नव्याने बांधण्यासाठी खरोखर गरज असेल, तर ते त्याला मोकळे करून देणे. वाटप झाले तर भाडेकरूने आगाऊ रक्कम किती द्यावयाची, हेही कायद्यात ठरलेले होते. मैदानी शहरांत एका महिन्याचे अनुमानित भाडे, डोंगराळ नगरपालिकांत वार्षिक भाड्याच्या निम्मे. बंगळूरमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मोजण्याची सवय झालेल्या वाचकांना ही तरतूद स्वप्नवत वाटेल.

या यंत्रणेत घर पाहण्याचे काम कोण करीत असे? रेंट कंट्रोल इन्स्पेक्टर. नियम ८ प्रमाणे वाटपापूर्वी इमारतीची तपासणी होणे आवश्यक होते. ती शक्यतो मालक व भाडेकरू यांच्या उपस्थितीत व्हावी, आणि अहवालातील माहिती शक्य तेथे मोहल्ल्यातील किमान दोन प्रतिष्ठित व्यक्तींकडून मिळवलेली असावी. अहवालाचा निष्कर्ष कचेरीच्या सूचनाफलकावर लागे, आणि तो लागल्यापासून तीन दिवस उलटल्याखेरीज वाटपाचा आदेश काढता येत नसे. नियम म्हणून हे वाचले तर त्यात दोष काढणे कठीण आहे. उघडपणा आहे, साक्ष आहे, हरकतीला वेळ आहे. परंतु इन्स्पेक्टर काय पाहावयास जात असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. छत गळते काय, नळाला पाणी येते काय, जिना सुरक्षित आहे काय, हे त्याचे विषय नव्हते. घर रिकामे आहे की नाही, आणि असल्यास कायद्याच्या अर्थाने रिकामे आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असे.

कायद्याच्या अर्थाने रिकामे असणे ही एक स्वतंत्र विद्याच होती. कलम १२ मध्ये 'मानीव रिकामेपणा'ची कल्पना होती. भाडेकरूने आपले सामान बहुतांशी हलवले असेल, किंवा कुटुंबाबाहेरच्या कोणास आत राहू दिले असेल, तर माणसे आत असूनही ते घर रिकामे मानले जाई. भाडेकरूने अथवा त्याच्या कुटुंबीयाने त्याच शहरात स्वतःचे राहते घर बांधले किंवा रिकाम्या ताब्यासह मिळवले, तर जुने घर रिकामे मानले जाई. याचा परिणाम असा झाला की घर शोधणारा माणूस भिंती, खिडक्या, नळ न पाहता त्यात राहणाऱ्या माणसांकडे पाहू लागला. अमक्या बाबूजींचा मुलगा नव्या वसाहतीत घर बांधतो आहे. तमक्या वकिलांच्या घरात त्यांचा मेहुणा राहतो आणि ते स्वतः दिल्लीला गेले आहेत. ही माहिती ज्याच्याजवळ असे, तो अर्ज करी. घर पाहण्यापूर्वी त्या घराच्या प्रकरणाची फाइल पाहावी, असे त्या भागात नोकरी केलेले आमचे ज्येष्ठ सहकारी सांगत, आणि ते विनोदाने सांगत नसत.

त्या काळातील एखाद्या सावध अर्जदाराने मनाशी यादी केली असती तर ती साधारण अशी झाली असती. इमारत किती जुनी आहे? कारण नव्या इमारतींना बांधकाम पूर्ण झाल्यापासून आरंभी दहा वर्षे या कायद्यातून सूट होती. पुढे १९९० च्या दशकात महिना दोन हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या जागाही वगळण्यात आल्या. मालक त्याच इमारतीच्या एका भागात राहतो काय? राहत असल्यास उरलेला भाग मालक सुचवील त्यालाच द्यावा, असे कलम १७ सांगत होते, म्हणजे तेथे अर्ज करून उपयोग नाही. मालकाने स्वतःच्या गरजेचा अर्ज केला आहे काय? जुना भाडेकरू रिकामेपणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याच्या बेतात आहे काय? आणखी कोणी अर्ज केले आहेत? यापैकी एकाही प्रश्नाचे उत्तर घराच्या उंबरठ्यावर उभे राहून मिळण्यासारखे नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ज्या वर्षी संयुक्त प्रांतात ही व्यवस्था सुरू झाली त्याच वर्षी, १९४६ मध्ये, मिल्टन फ्रीडमन आणि जॉर्ज स्टिग्लर यांनी अमेरिकेतील भाडे नियंत्रणावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ चा भूकंप आणि १९४६ ची घरटंचाई यांची त्यांनी तुलना केली. भूकंपाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला असतानाही वृत्तपत्रांत घर भाड्याने देण्याच्या जाहिराती होत्या. चाळीस वर्षांनी, भाड्याला कमाल मर्यादा असताना, 'घर हवे आहे' अशाच जाहिरातींची गर्दी होती. त्यांचे सर्वच निष्कर्ष मला मान्य नाहीत. निर्वासितांच्या लोंढ्यापुढे बाजाराची महती गाणे सोपे नाही, आणि किंमत वाढू दिली की घरे आपोआप उभी राहतात हा विश्वास आपल्या शहरांतील जमिनीचा व्यवहार पाहता भाबडा वाटतो. परंतु त्यांचे एक निरीक्षण नाकारता येत नाही. भाडे गोठवले की ठरलेले भाडे आणि लोकांची देण्याची तयारी यांतील फरक नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी पदरात पडतो. मुंबईत तो पागडीच्या रूपाने मालक आणि जाणारा भाडेकरू यांच्यात वाटला गेला. कलकत्त्यात त्याला सलामी म्हणत. उत्तर प्रदेशात तो बऱ्याच अंशी रिकामेपणाच्या बातमीत आणि कचेरीतील वेळेत साठून राहिला.

वेळेचा मुद्दा विशेष लक्षणीय आहे. मालकाने रिकामेपण कळवल्यापासून एकवीस दिवसांत वाटपाचा आदेश निघून तो त्याला कळला नाही, तर मालकाने आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव सुचवावे, आणि विशेष कारण नसेल तर त्यालाच वाटप व्हावे, अशी तरतूद होती. हेतू चांगला होता. कचेरीच्या दिरंगाईची शिक्षा मालकाला होऊ नये. परंतु ज्या व्यवस्थेत एकवीस दिवस उलटण्यालाच मोल येते, तेथे फाइल पुढे न सरकणे हीसुद्धा एक सेवा होऊन बसते. यात प्रामाणिक अधिकाऱ्याची स्थिती बिकट होती. त्याने भरभर निर्णय दिले तर पक्षपाताचा आरोप, आणि काळजीपूर्वक सुनावणी घेतली तर मुदत टळण्याचा.

साहजिकच अनेक मालक आणि भाडेकरू या वाटेलाच गेले नाहीत. आपसात बोलून, घर पाहून, पसंत करून लोक राहावयास आले, आणि कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरले. १९७६ च्या दुरुस्तीने ५ जुलै १९७६ पूर्वी मालकाच्या संमतीने राहत असलेल्यांना नियमित करून घेतले. त्यानंतर आलेले पुन्हा अधांतरी. अशा कराराला काही अर्थ आहे की तो मुळातच रद्दबातल आहे, यावर अलाहाबाद उच्च न्यायालयात दीर्घकाळ मतभेद राहिले. अखेर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वाटप आदेश नसला तरी मालक व भाडेकरू यांच्यापुरता तो करार त्यांना बांधून ठेवतो. म्हणजे साधारण तीस वर्षे हा प्रश्न अनिर्णित होता, की ज्या घराचे भाडे आपण दरमहा देतो त्या घरात आपण नेमके कोण आहोत.

मुंबईची कथा वेगळ्या वाटेने गेली, तरी मुक्काम फार दूर नाही. तेथे १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार ठरला. भाडे गोठले, तशी दुरुस्ती थांबली. पागडी देऊन खोली घेणारा माणूस गॅलरीचे कुजलेले वासे पाहत नसे असे नाही, पण त्याच्या हिशेबात ते दुय्यम होते, कारण तो खोलीबरोबरच पिढ्यान् पिढ्या टिकणारा हक्क घेत होता. १९६९ मध्ये या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ व उपकर आला तेव्हा यादीत सुमारे १९,६०० इमारती होत्या. अधिग्रहित जागांचे काय झाले, हे १९८४ च्या एका निकालावरून दिसते. १९५१ मध्ये अधिग्रहित केलेला एक फ्लॅट तीस वर्षांहून अधिक काळ सरकारच्या ताब्यात होता. अधिग्रहण हे स्वभावतःच तात्पुरते असते, ते कायमचे संपादन होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला तेव्हा सांगावे लागले. मधल्या काळात १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. ज्यांना संरक्षण मिळाले त्यांचे भले झाले. ज्यांना त्यानंतर घर हवे होते त्यांना मात्र अनेक मालकांच्या दारावर कुलूप दिसले. अकरा महिन्यांचा करार देशभर रूढ होण्यामागे एक कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे (एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे), आणि दुसरे या भीतीत.

दिल्लीविषयी थोडक्यात. १९५८ च्या कायद्यातून महिना ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा १९८८ मध्ये वगळण्यात आल्या. १९९५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली, परंतु जुन्या बाजारपेठांतील भाडेकरू व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे तो कधीच अमलात आला नाही. आम्हा केंद्र सरकारी नोकरांना दिल्लीत याची झळ कमी लागली, कारण आमच्यासाठी सरकारी निवासस्थानांची स्वतंत्र रांग होती. त्या रांगेतही घर न पाहता स्वीकारण्याची आणि नाकारले तर काही काळ अपात्र ठरण्याची रीत होतीच. माझ्या पत्नीने एका बदलीत वाटपपत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो मजल्याचा नव्हे, तर पाण्याच्या टाकीचा. उत्तर पत्रात नव्हते.

या साऱ्याचा आकड्यांत परिणाम काय? १९६१ मध्ये नागरी भारतातील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण २७.५ टक्के होते. त्याच जनगणनेत नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. हा सगळा दोष भाडे कायद्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. १९९० नंतर गृहकर्ज सुलभ झाले, आयकरात सवलती आल्या, स्वतःचे घर हे मध्यमवर्गाचे उद्दिष्ट बनले, आणि गुंतवणूक म्हणून घर घेऊन ते बंद ठेवणारे लोकही वाढले. तरीही मालकाने घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे पसंत करावे, ही मनोवृत्ती कायद्याने घडवली, हे मान्य केले पाहिजे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. जमीन व घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे तो केवळ नमुना आहे, स्वीकारणे राज्यांवर आहे. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी नवा कायदा करून १९७२ चा कायदा रद्द केला. या नमुन्यात लेखी करार सक्तीचा आहे, निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असता कामा नये, आणि मालकाला घरात यावयाचे असल्यास चोवीस तासांची सूचना द्यावी लागते. मला त्यातील सर्वांत लक्षणीय भाग शेवटचे परिशिष्ट वाटते. रंगसफेदी आणि बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे, नळाचे वॉशर बदलणे आणि मोरी साफ करणे भाडेकरूकडे, अशी वाटणी त्यात केली आहे. भाडेविषयक कायद्याने पुन्हा एकदा नळाकडे आणि भिंतीकडे पाहिले.

मात्र नजर दुसऱ्या दिशेनेही वळली आहे. आता घर पाहावयास गेलेल्या माणसाला घराआधी स्वतःची तपासणी द्यावी लागते. आडनाव काय, मांसाहार करता काय, लग्न झाले आहे काय, मूळ गाव कोणते. पोलिसांकडील पडताळणी हा निराळा भाग, हे प्रश्न त्याच्याही आधीचे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे, खाजगी भाड्याच्या घराचा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. तो प्रश्न मालकी आणि सहकाराचा होता, भाड्याचा नव्हता. पण त्याची छाया भाड्याच्या व्यवहारावरही पडते. जुन्या वाटप व्यवस्थेचे शंभर दोष मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. मालक त्या इमारतीत राहत नसेल आणि मुदत टळली नसेल, तर अर्जदाराचे आडनाव पाहून त्याला दारातून परत पाठवण्याचा अधिकार कागदावर तरी मालकाकडे नव्हता. ज्याला आज चार दारांवरून परत यावे लागते, त्याला ही नोंद क्षुल्लक वाटणार नाही. ती रद्द करताना तिच्या जागी काय ठेवावयाचे, हा प्रश्न २०२१ च्या नमुन्यात कोठे आलेला नाही.

उत्तर प्रदेशात जुना कायदा गेला, तरी त्याखाली आधीच दाखल झालेली प्रकरणे त्याच कायद्यानुसार चालवण्याची तरतूद नव्या कायद्यात ठेवलेली आहे. त्यामुळे लखनौच्या अमीनाबादेत किंवा कानपूरच्या जुन्या मोहल्ल्यात घर पाहणाऱ्याने पाणी आणि ओल तपासून झाल्यावर, त्या घरावर रिकामेपणाचे किंवा मुक्ततेचे एखादे जुने प्रकरण प्रलंबित आहे काय, हे जिल्हा कचेरीत आणि न्यायालयात जाऊन विचारून घ्यावे. भिंतीवर ते दिसत नाही, आणि दलाल ते सांगत नाही.